धाकट्याचा डावा पाय

१२ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद आत्ता राखून ठेवतो. आधी माझं ऐकून घे, मग बघू.

माझ्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि तू फोन केलास तो कुणाला? तुझ्या वहिनीला. मी त्याच खोलीत होतो, पलंगावर, डोळे मिटून. माणूस आडवा झाला की बहिराही होतो असं लोकांना का वाटतं, मला कळत नाही. माझ्या अंगावरून काय काय बोलणी गेली म्हणून सांगू! सासुरवाडीचा एक पाहुणा पायथ्याशी बसून हळूच म्हणाला, "आता यांच्या सामान हलवायच्या धंद्याचं काय?" मी डोळे न उघडता म्हटलं, "धंदा उद्या सकाळी नेहमीच्या वेळेला उघडेल. तुम्हाला काय हलवायचंय?" बिचाऱ्याचा चहा सांडला.

तर तू वहिनीला विचारलंस, तिने सांगितलं, आणि त्यातलं निम्मं चुकीचं सांगितलं. म्हणून हे पत्र. फोन करून उपयोग नाही. सहा वर्षं झाली, माझा नंबर दिसला की तू कापतोस. पत्र कापता येत नाही, आणि तू नाही वाचलंस तर तुझी बायको वाचेल. आपला ड्रायव्हर बडबड्या ट्रक घेऊन तुमच्याकडे येतोच, त्याच्या हातून देतोय. तो म्हणाला, "दादा, हातात ठेवल्याशिवाय हलणार नाही."

ऐक. माझ्या कमरेतला एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकला होता. ट्रकमध्ये दोरी ढिली राहिली की वरचं टेबल खालच्यावरून सरकतं ना, तसा. मधली गादी झिजून गेली होती आणि पायाकडे जाणारी नस चिमटली होती. लोकांना वाटतं पाठ उभी फाडतात. तसं नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराएवढे छेद. त्यातून नळी घालतात. स्नायू कापत नाहीत, बाजूला सारतात. त्या नळीतून झिजलेली गादी काढली, तिच्या जागी हाडाचा चुरा भरलेला एवढासा पिंजरा बसवला, आणि वरून स्क्रू आणि सळ्या. सगळं पडद्यावर एक्स-रे बघत. दुसऱ्या दिवशी मला उभं केलं. होय, उभं! पायातली ती आग, जिने मला दोन वर्षं रात्री नाचवलं, ती गेलेली.

सर्जनबाई म्हणाल्या, "स्क्रू फक्त धरून ठेवतात. जोडायचं काम हाड करतं, आणि ते महिने घेतं. तोवर वाकायचं नाही, वळायचं नाही, उचलायचं नाही."

मी म्हटलं, "सरस वाळेपर्यंत शिकंजा सोडायचा नाही, तसंच ना?"

बाई म्हणाल्या, "अगदी तसंच. तुम्हाला लवकर समजलं."

तुझी वहिनी बाजूलाच होती. म्हणाली, "दोघं एकमेकांवरून घसरत होते म्हणून कायमचे बांधून टाकले. बाई, यांच्या घरात अशी आणखी एक केस आहे." बाई हसल्या. मी हसलो नाही, कारण हसलं की टाके ओढतात.

मधे एकदा डाव्या बाजूला चमक आली, म्हणून जास्त दिवस ठेवून घेतलं. कारण क्षुल्लक आहे, लिहीत नाही.

माझा राग माझ्याजवळ आहे, तो ऑपरेशनमध्ये काढलेला नाही. दुकान सोडून गेलास, जाताना माझी दोन चांगली माणसं नेलीस, नाव तेच ठेवलंस आणि गाडीला रंगही आपलाच निळा दिलास. तुझ्याकडून सामान उशिरा पोचलं की तिकडची गिऱ्हाइकं नाव बघून मला झापतात. हे मी विसरलेलो नाही. तरी म्हटलं कळवावं.

तुझा, कागदोपत्री तरी,
मोठा भाऊ

२ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्राला उत्तर नाही, पण फोन आला. पुन्हा वहिनीलाच!

आता एक गंमत सांगतो. वहिनी त्या वेळी माझ्या कमरेचा पट्टा बांधत होती, हात अडकलेले, म्हणून तिने फोन मोठ्या आवाजावर टाकून पलंगावर ठेवला. तुझं सगळं बोलणं माझ्या कानापासून वीतभर अंतरावर झालं.

तू विचारलंस, "वहिनी, दादाला मुंग्या यायच्या त्या कुठपर्यंत? अंगठ्यापर्यंत?" मग विचारलंस, "पाय बधिर झाला असेल तर ऑपरेशननंतर परत येतो का?" मग, "किती दिवसांनी गाडी चालवता येते?" आणि शेवटी, "टाके कितीसे दिसतात?"

मी आयुष्यभर गिऱ्हाइकं ऐकत आलोय. शेजाऱ्याचं सामान हलतंय म्हणून चौकशी करणारा "कसं काय झालं सगळं?" एवढंच विचारतो. ज्याला स्वतःचं हलवायचं असतं तो विचारतो, "काचेच्या कपाटाचं दार काढता का? जिना अरुंद असेल तर?" तू भाऊ म्हणून एक प्रश्न विचारला नाहीस. "दादा जेवतो का?" हेसुद्धा नाही. तुझे सगळे प्रश्न गिऱ्हाइकाचे होते.

मला वाटलं, माझा संशयी स्वभाव असेल. मग तू सवयीने फोनवर बोलताना फेऱ्या मारायला लागलास. आणि मी ऐकलं.

टप. फट. टप. फट.

धाकट्या, कपाट दोघांच्या मध्ये असतं तेव्हा समोरच्याचं तोंड दिसत नाही. मी खालच्या बाजूला, उलटा जिना उतरणारा. तू वरच्या बाजूला. इतकी वर्षं मी तुझ्या पायांच्या आवाजावर उतरलो. तू थकलास, पायरी चुकलास, घाई करतोयस, हे मला तू सांगायच्या आधी तुझे पाय सांगायचे. तुझा डावा पाय कधी फटकन पडत नव्हता. टाच आधी, मग चवडा. आता चवडा झाडूसारखा जमिनीवर आपटतो. तुला तो उचलता येत नाही.

तुझ्या वहिनीने माझं तोंड पाहिलं आणि घाईने फोन बंद केला. मी म्हटलं, "याची कंबर गेलीय." ती म्हणाली, "काहीतरीच! तुम्हाला हल्ली सगळीकडे कंबरच दिसते."

म्हणून मी बडबड्याला बोलावलं. तो आधी म्हणाला, "मला काय माहीत, दादा." मग पाण्याचा ग्लास संपेपर्यंत सगळं बाहेर आलं. "धाकटे मालक चप्पल घालायचे बंद झालेत. उन्हाळा असो नाहीतर काहीही, बूटच. डाव्या पायातली चप्पल चालता चालता मागे राहते ना. एकदा गिऱ्हाइकाच्या घरात राहिली, म्हणून मग बूट."

म्हणजे तुझ्या माणसांना माहीत, माझ्या ड्रायव्हरला माहीत, गिऱ्हाइकाच्या पायपुसण्याला माहीत. फक्त मला नाही! का तर आपल्या धंद्यात कंबर गेली असं म्हणायचं नसतं. गिऱ्हाईक म्हणेल, यांचीच कंबर धड नाही, आमचं सामान काय धरणार. मीही दोन वर्षं 'देखरेख करतो' म्हणत बाजूला उभा राहिलो, तेव्हा ते मला शिकवू नकोस. मला दुखायचं, धाकट्या. तुझा पाय उठत नाही. या दोन्हींत फरक आहे, आणि तो माझ्या सर्जनबाईंनी मला नीट समजावलाय.

मला फोन करू नकोस. डॉक्टरला कर.

मोठा भाऊ

१७ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझा निरोप मिळाला. बडबड्याने मान खाली घालून सांगितला: "दादाला म्हणावं, स्वतःचं ऑपरेशन बिघडलंय ते आधी निस्तर. मग माझ्या पायात नाक खुपस."

माझं ऑपरेशन बिघडलं? कोण म्हणालं? मग कळलं, तुझ्या वहिनीने तुला त्या चमकेबद्दल सांगितलं होतं, आणि तू तेवढंच पकडून बसलास. घरात दहा गोष्टी बोलल्या तर तुला सोयीची एकच ऐकू येते.

ठीक आहे. लिहीत नव्हतो, आता लिहितो, कारण माझ्या अब्रूपेक्षा तुझा पाय महाग आहे.

ऑपरेशननंतर मला कॉरिडॉरमध्ये चालवत होते. व्यायाम घेणारी एक मुलगी आहे, वयाने माझ्या पोरीएवढी, पण आवाज असा की मी तिला हेडमास्तरीण म्हणतो. ती काही आणायला गेली. समोर दोन वॉर्डबॉय लोखंडी कपाट हलवत होते. धाकट्या, काय सांगू! दारं न बांधता. आतलं सामान न काढता. एक जण ओढतोय, दुसरा ढकलतोय, आणि दोघंही एकाच वेळी बोलतायत. कपाटाचे पाय फरशीवर किंचाळत होते. माझे दात शिवशिवायला लागले.

मी लांबून म्हटलं, "अरे, आधी एक कोपरा उचला, खाली पोतं सारा."

एक म्हणाला, "काका, तुम्ही आराम करा."

काका! मी! तेवढ्यात कपाट कललं. आणि मी काही ठरवलं नाही, विचार केला नाही; माझा हात आपोआप खाली गेला आणि कोपऱ्याला लागला. वाकलो, वळलो आणि उचललं. तिन्ही नियम एका झटक्यात मोडले. कपाट सरळ झालं. माझ्या डाव्या कुल्ल्यापासून घोट्यापर्यंत वीज गेली, आणि मी भिंतीला धरून असा काही शब्द उच्चारला की बाजूच्या खोलीतल्या म्हातारीने दार लावून घेतलं.

हेडमास्तरीण धावत आली. "काय केलंत?"

मी म्हटलं, "काही नाही, तोल गेला."

वॉर्डबॉय म्हणाला, "खोटं. काकांनी कपाट उचललं. चांगलं उचललं पण."

पुन्हा एक्स-रे झाला. स्क्रू जागेवर होते, नशीब माझं. स्नायू मात्र असा धरला की मला पुन्हा आडवं केलं. सर्जनबाई माझ्याशी बोलल्याच नाहीत, भिंतीकडे बघून म्हणाल्या, "यांच्या हातांना पण पट्टा बांधा." म्हणजे ऑपरेशन ठणठणीत आहे. बिघडलं ते माझं डोकं, आणि ते जन्मापासूनच आहे, तू साक्षीदार आहेस. या मूर्खपणाच्या आड तू लपायचं नाहीस.

आणि आता दुसरं. काल धाकटीचा फोन आला, तुझ्या बायकोचा. लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला कधी रडताना ऐकलं नव्हतं. कालही रडली नाही, पण बोलताना मध्येच थांबत होती. म्हणाली, "दादा, तपासणी केव्हाच झालीय. इथल्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. हे घरी येऊन म्हणाले, किरकोळ आहे, पट्टा बांधला की झालं. पट्टा बांधून अजून कपाटं उचलतायत. परवा जिन्यात पाय मुडपला, वरून सगळं अंगावर आलं असतं."

पट्टा बांधला की कंबर बळकट होते, हे खूळ आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाला असतं. अरे, पट्ट्याने दुखणं झाकतं! नस तशीच चेपत राहते. मीच बोलतोय, दोन वर्षं तीन पट्टे झिजवलेला माणूस.

तिला मी म्हटलं, "फिल्मचे फोटो मला पाठव."

ती म्हणाली, "त्यांना कळलं तर?"

मी म्हटलं, "माझ्यावर ढकल. त्याचा माझ्यावर आधीच राग आहे, त्यात आणखी थोडा मावेल."

मोठा भाऊ

६ मार्च

धाकट्या,

हे पत्र लहान आहे, कारण मला राग आलेला असताना मी जास्त लिहिलं तर तुझी बायको वाचायची थांबेल.

फोटो घेऊन मी सर्जनबाईंकडे गेलो. माझी तपासणी झाल्यावर बाहेर न जाता बसून राहिलो. त्या म्हणाल्या, "आता काय?" मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं, मग विचारलं, "हे कुणाचं?"

मी म्हटलं, "माझ्याशी न बोलणाऱ्या भावाचं."

"पाय कधीपासून उठत नाही?"

मी चपलेची गोष्ट सांगितली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सरकलेला मणका तुमच्यासारखाच, त्याच जागेवर. पण तुमची नस चिडली होती, यांची दमत चाललीय. दुखणं कमी झालं म्हणतात का हे?"

मी म्हटलं, "असं म्हणतो म्हणे, हल्ली तेवढं दुखत नाही."

त्या म्हणाल्या, "तीच काळजीची गोष्ट आहे."

मी विचारलं, "ऑपरेशन केलं तर पाय परत येईल?" धाकट्या, मला हो ऐकायचं होतं. बाईंनी ते दिलं नाही. "वचन देणार नाही. उशीर झालाय. येईल, अर्धा येईल, किंवा नाही येणार. पण असेच उचलत राहिले तर मला विचारायला येऊ नका." आणि वर विचारलं, "तंबाखू?" मी म्हटलं, "पोतंभर." त्या म्हणाल्या, "सोडायला सांगा, नाहीतर हाड जुळत नाही. आजपासून."

आता माझा निरोप. येत्या शनिवारी मी बडबड्याच्या ट्रकमध्ये बसून तुझ्याकडे येतोय. चार तासांचा रस्ता, त्यातला निम्मा खड्डे. मला एवढा वेळ बसायची मनाई आहे, आणि ट्रकमध्ये तर बिलकुलच. तुझी वहिनी दारात आडवी झोपेन म्हणतेय. झोपू दे. मी ओलांडून येईन. माझे स्क्रू हलले तर ते तुझ्यामुळे हलले असं मी सगळ्यांना सांगेन, तुझ्या गिऱ्हाइकांनासुद्धा. त्यांचे नंबर माझ्याकडे आहेतच, तेच मला झापत असतात.

नाहीतर शनिवारच्या आत तू ये.

मोठा भाऊ

२१ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र तुझी वहिनी चहाच्या ट्रेमध्ये ठेवून तुला देईल. हॉस्पिटलमधून सुटल्यापासून तू आमच्या पलीकडच्या खोलीत आहेस, मी अलीकडच्या, मध्ये एक भिंत आहे, आणि तू अजून माझ्याशी बोलत नाहीस. म्हणजे बोललास. एकदा. मार्चमधल्या त्या शुक्रवारी फोन आला, मी उचलला, तर नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम, "दादा, त्या ट्रकमध्ये बसलास ना, तर तंगडी मोडून ठेवीन!" सहा वर्षांनी भाऊ बोलला ते हे. मी म्हटलं, "कुठल्या पायाने मोडशील?" तू फोन आपटलास. आणि शनिवारी सकाळी धाकटीबरोबर दारात उभा होतास, बूट घालून.

तेव्हापासून बघतोय. ऑपरेशनला नेताना तू सगळ्यांकडे बघितलंस, माझ्याकडे सोडून. शुद्धीवर आल्यावर पहिलं पाणी बायकोकडे मागितलंस, दुसरं वहिनीकडे. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसलो होतो, पट्टा बांधून, ताठ, देवळाबाहेरच्या दगडी द्वारपालासारखा. हेडमास्तरीण तुला कुशीवर वळायला शिकवत होती, "सगळं अंग एकदम, लाकडाच्या ओंडक्यासारखं," तेव्हा तू तिला म्हणालास, "ओंडका तिकडे बसलाय." मी ऐकलं. सगळी हसली. मीही हसलो असतो, पण मला वाटलं हसलो तर तू जिंकलास.

उशीखालची तंबाखूची पुडी मी काढून फेकली आहे. ओरडायचं तर ओरड. पुडी फाडल्याचा आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू येतो. तू घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ऐकला होता. बायकोने सांगितलं असं समजून तिच्यावर डाफरू नकोस.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

हेडमास्तरीण रोज घरी व्यायाम घ्यायला येते आणि तुझ्या पायाशी उभी राहून म्हणते, "अंगठा वर घ्या." तू रोज म्हणतोस, "येत नाही." ती म्हणते, "बरं, उद्या बघू." धाकटी खिडकीकडे तोंड फिरवते. हे मी रोज बघतोय. सर्जनबाईंनी हॉस्पिटलमध्येच मला बाहेर घेऊन सांगितलं होतं, आशा धरा पण जोर करू नका, म्हणून मी गप्प बसलो. मी. गप्प. तुला कल्पना आहे हे माझ्यासाठी काय आहे?

आज पहाटे मी उठलो. कुशीवरून, ओंडक्यासारखा, मग हळूहळू उभा. तुझं दार अर्धं उघडं होतं. तू जागा होतास. पांघरूण पायांवर होतं, आणि डाव्या बाजूला, अगदी टोकाला, ते पांघरूण वर उचललं गेलं. थांबलं. खाली आलं. पुन्हा वर. तू डोळे मिटून, दात आवळून ते करत होतास, जसा पूर्वी पहिल्यांदा एकट्याने टेबल डोक्यावर घ्यायचा सराव गुपचूप करायचास तसा. मी दारात किती वेळ उभा होतो मला माहीत नाही. उभं राहून पाय भरून आले.

मग सकाळी हेडमास्तरीण आली. "अंगठा वर घ्या." आणि तू म्हणालास, "येत नाही"!

लबाडा! का? मी दारात होतो म्हणून? मला श्रेय मिळू नये म्हणून? मीच बरोबर होतो हे कबूल करावं लागेल म्हणून बायकोला खिडकीकडे तोंड करायला लावतोस? मला तुझं श्रेय नको आहे. राग धर, हवा तेवढा धर. निळ्या रंगाचं भांडण आपण पुढच्या महिन्यात निवांत करू, मी मुद्दे काढून ठेवलेत. पण धाकटीला अंगठा दाखव. आज. आत्ता. ट्रे खाली ठेवायच्या आधी.

आणि मग बाहेर ये. मी जेवणाच्या टेबलापाशी बसलोय. तुझ्यासाठी उंच पाठीची खुर्ची हवी, ती कोपऱ्यात आहे, टेबलापासून दोन हात लांब. मला ती उचलायची परवानगी नाही. तुलाही नाही. या शहरातली निम्मी घरं आपण दोघांनी जिने उतरवून इकडची तिकडे केली, आणि आज आपल्याला एक खुर्ची सरकवता येत नाही. वहिनीला हाक मार. माझ्या हाकेला ती हल्ली ओ देत नाही.

चहा गार होतोय.

दादा